जगाची वर्गणी आणि आपली पोफळ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर मी पुष्कळ कामे केली. हळदीकुंकवाला अत्तरदाणी फिरवली, भजनाला झांजा धरल्या, सतरंज्या झटकल्या, दोन वर्षे चिटणीसबाईंच्या हाताखाली वर्गणीची वही सांभाळली. पण उभे राहून बोलण्याचे काम कधी माझ्या वाट्याला आले नव्हते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा यंदा अध्यक्षबाईंनी "तू बोल" असे म्हटल्यावर मी आधी ते हसण्यावारी नेले. विषय ऐकला तेव्हा मात्र हसू थांबले. जगाचे हवामान, त्यासाठी भरणाऱ्या देशोदेशींच्या परिषदा, आणि त्यात आपण बायकांनी काय करावे! मी म्हटले, बाई, लोणच्यावर बोलायला सांगा, पोफळीच्या लागवडीवर सांगा. त्या म्हणाल्या, "मग पोफळीपासूनच निघ, आणि जगापर्यंत जाऊन ये."

म्हणून मी पोफळीपासून निघते.

३ जून २०२० हा दिवस इथे बसलेल्या एकीलाही सांगायला नको. कोरोनामुळे आधीच सगळे घरात कोंडलेले, आणि त्यात दुपारी ते 'निसर्ग' वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, हे मागाहून वर्तमानपत्रात वाचले. आम्ही पाचजण माजघरात कोपऱ्याला बसलो होतो, गाय पडवीतून आत घेतली होती, आणि वर एकेक कौल सुटत होते. कौल सुटल्याचा आवाज वेगळा आणि माड मोडल्याचा वेगळा. त्या दोन तासांत दोन्ही ओळखू यायला लागले.

वारा उतरला तशा सासूबाई सगळ्यांच्या आधी वाडीत गेल्या. आमची वाडी वीस गुंठ्यांची. मामंजींनी लावलेल्या श्रीवर्धनी पोफळी त्यात होत्या, मोजून दोनशे साठ. सासूबाई एका कडेने प्रत्येक बुंध्याला हात लावीत निघाल्या. पडलेली झाडे मोजण्यापेक्षा उभी मोजणे सोपे होते. अठ्ठेचाळीस उभी होती. त्या परत आल्या, पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "गो, हे भरून कोण देणार?"

मैत्रिणींनो, माझे आजचे सगळे भाषण म्हणजे सासूबाईंच्या त्या एका प्रश्नामागे मी केलेली पायपीट आहे. त्या समोरच बसल्या आहेत. चुकले तर त्या सांगतील.

पहिले उत्तर जवळचे होते. मदतीचा दर त्या वेळी वाढवून हेक्टरी पन्नास हजार रुपये ठरला होता. दर ऐकून बरे वाटले. मग मुलाने गुणाकार केला. हेक्टर म्हणजे शंभर गुंठे, आमचे वीस. दहा हजार रुपये. पडलेले बुंधे तोडून, ओढून वाडी मोकळी करायलाच त्याहून जास्त मजुरी गेली. यात कोणाची वाईट बुद्धी होती असे मी म्हणत नाही. हेक्टराचा हिशेब मोठ्या शेतांना बसतो, कोकणातल्या दाट वाडीला बसत नाही. आणि झाड काही रुपयांत उगवत नाही. पोफळ लावल्यापासून हाताशी सुपारी यायला पाच-सात वर्षे लागतात, भरात यायला त्याहून अधिक. मधल्या वर्षांचे काय? माझ्या दोन पाटल्या होत्या, त्या मोडून रोपे आणली. मुलगा पनवेलला नोकरीला गेला. लेक कॉलेजात जाणार होती, ती एक वर्ष मागे राहिली. हे सांगताना मला रडायचे नाही. तुमच्यापैकी निम्म्या घरांत हेच झाले आहे.

ती एक वर्षाने का होईना कॉलेजात गेली, आणि तिथून तिने या विषयाची पुस्तके आणली. मी रात्री सुपारी कातरायला बसले की ती मराठीत सांगायची आणि मी माझ्या वहीत उतरवून घ्यायची. पुढचे सारे त्या वहीतले.

आधी हवा तापते कशी ते पाहू. कोळसा, तेल, गॅस जाळला की कर्बवायू निघतो. तो पृथ्वीवर गोधडीसारखा बसतो. ऊन आत येऊ देतो, पण रात्री उष्णता बाहेर जाऊ देत नाही. जरुरीपुरती गोधडी हवीच, नाही तर आपण थंडीने मरू. पण आपण एकावर एक गोधड्या घालीत सुटलो आहोत. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते. १९५८ साली हवाई बेटावरच्या डोंगरावर नेमकी मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ होते. आता ४२० च्या वर गेले आहेत. २०२४ हे तोवरच्या नोंदींतले सर्वांत उष्ण वर्ष ठरले.

ही गोष्ट प्रथम कोणी ताडली असेल? एका बाईने. अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाई होत्या. त्यांनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरले, आत तापमापक ठेवले आणि ती उन्हात ठेवली. कर्बवायूची नळी सर्वांत जास्त तापली आणि निवायलाही पुष्कळ वेळ लागला. अशा वायूने पृथ्वी वेढली तर ती अधिक गरम होईल, हे त्यांनी १८५६ साली लिहून ठेवले. विद्वानांच्या सभेत तो निबंध मात्र एका पुरुष शास्त्रज्ञाने वाचून दाखवला, आणि पुढे शंभरावर वर्षे बाईंचे नाव कोणाला आठवले नाही. आपल्याकडेही अन्ना मणी होत्या. पुण्याच्या वेधशाळेत राहून त्यांनी हवामान मोजण्याची यंत्रे देशातच तयार करविली, आणि भारतात कुठे किती ऊन पडते याची कोष्टके १९८० साली ग्रंथरूपाने काढली. आज छपरावर सौर पत्रे बसवताना ज्या हिशेबाची गरज लागते, त्याचा पाया त्या बाईंनी घातला. आमच्या लेकीने ही नावे सांगितली तेव्हा मला उगीच जरा ताठ बसावेसे वाटले.

आता वादळ. समुद्र तापला की वादळाला खाद्य मिळते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा आपल्या अरबी समुद्रातील चक्रीवादळे २००१ नंतरच्या काळात आधीच्या दोन दशकांच्या मानाने सुमारे निम्म्याने वाढलेली दिसली. पूर्वी हे संकट बंगालच्या बाजूचे समजले जाई. अमुकच एक वादळ माणसाच्या धुरामुळे आले असे बोट दाखवून म्हणता येत नाही, हेही माझ्या वहीत आहे आणि ते मी लपवत नाही. पण निसर्गनंतर अकरा महिन्यांनी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' आले, हे आपण पाहिले.

आता परिषदांकडे येते. हा भाग मला फार अवघड वाटला होता. पण आपल्या मंडळाच्या खोलीचे पत्रे त्याच वादळात उडाले होते आणि वर्गणी काढायची सभा याच ओसरीवर भरली होती, ती आठवली आणि सगळे सोपे झाले. त्या सभेत पहिला वाद कशावरून झाला? वर्गणी सर्वांनी सारखी द्यायची की ऐपतीप्रमाणे? तीन बैठका त्यात गेल्या. एकीने तर हळदीकुंकवालाही येणे सोडले होते. (ती आज आली आहे. नाव घेत नाही.) जगाची सभा गेली तीस-बत्तीस वर्षे याच मुद्द्यावर अडली आहे.

१९९२ साली ब्राझीलमध्ये रिओ येथे सर्व देश जमले आणि हवामानाचा करार झाला. त्यात एक तत्त्व लिहिले गेले, की जबाबदारी सर्वांची समाईक आहे, पण सारखी नाही. आपल्या घरातही चुलीच्या धुराने भिंत काळी झाली तर ज्याची चूल जास्त पेटली त्याने चुना जास्त लावायचा. आजवर जगाने जो कर्बवायू हवेत सोडला त्यात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे चौथाई आहे. आपल्या भारताचा तीन-चार टक्के. आजही अमेरिकेत माणशी वर्षाला चौदा टनांच्या आसपास कर्बवायू निघतो, आपल्याकडे दोन टनांच्या आसपास. पण आपली माणसे इतकी, की एकूण बेरजेत आपला देश तिसरा येतो. हेही सांगितले पाहिजे. आपली बाजू भक्कम आहे म्हणून आपले पान झाकून ठेवणे बरे नाही.

१९९५ पासून दर वर्षी ही सभा भरते. २००२ साली ती आपल्या दिल्लीतही झाली होती. कोरोनाच्या वर्षी तेवढी चुकली. १९९७ साली जपानात क्योटो येथे असे ठरले की श्रीमंत देशांनीच आधी आपला धूर कमी करायचा, आणि कोणी किती हे आकड्यांनी बांधले. आकडा गळ्यात पडला तशी अमेरिकेने मागे घेतली, सही करूनही करार कायम केला नाही. पुढे कॅनडाही बाहेर पडला. वर्गणीची रक्कम आपण ठरवून घरी पाठवली की असेच होते.

म्हणून २०१५ साली पॅरिसला वेगळी रीत धरली. यादी फिरवायची, आणि ज्याने त्याने आपला आकडा आपल्या हाताने लिहायचा. दर पाच वर्षांनी पुन्हा यादी फिरवायची आणि आकडा वाढवायचा. तापमानवाढ दोन अंशांच्या पुष्कळ खाली ठेवायची, दीड अंशावर थांबवण्याचा प्रयत्न करायचा, असे त्यात आहे. या कामाच्या प्रमुख कोस्टा रिका देशाच्या क्रिस्तिआना फिगेरेस नावाच्या बाई होत्या. सभेच्या अगदी शेवटच्या दिवशी सगळे एका शब्दावर अडले. श्रीमंत देश अमुक गोष्ट "करतील" असे छापले गेले होते, अमेरिकेला ते "करावे" असे हवे होते. शेवटी ती छापण्यातली चूक म्हणून दुरुस्त झाली आणि करार पार पडला. तुम्ही हसाल, पण "सूनबाई पाणी भरतील" आणि "सूनबाईंनी पाणी भरावे" यात किती अंतर आहे ते आपल्यापेक्षा कोणाला जास्त कळणार?

या रीतीत खोट अशी, की कमी लिहिले किंवा लिहून दिले नाही तर दंड नाही. फक्त चारचौघांत नाव वाचले जाते. चारचौघांची लाज ज्याला आहे त्यालाच ती लागते. अमेरिका एकदा बाहेर पडली, परत आली आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडत असल्याचे तिने जाहीर केले.

२०२१ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला जे झाले त्याविषयी मी दोन्ही बाजूंनी विचार केला, आणि अजून माझे मन एका जागी स्थिर नाही. मसुद्यात कोळसा "हळूहळू बंद" करण्याचे शब्द होते. शेवटच्या घटकेला आपल्या देशाने ते "हळूहळू कमी" करणे असे बदलून घेतले, चीनचीही त्याला साथ होती. सभेचे अध्यक्ष आलोक शर्मा, मूळचे आग्र्याचे, त्यांचा सर्वांची क्षमा मागताना गळा दाटून आला. जगाने आपल्याला बोल लावला. पण आपले म्हणणे असे होते की तेल आणि गॅस यांचे नाव न घेता एकट्या कोळशावरच का बोट ठेवता? कोळसा गरिबाच्या घरचा, तेल श्रीमंताच्या मोटारीचे. हे मला पटते. आपल्या देशातली चारातली तीन हिस्से वीज कोळशाची आहे. चंद्रपूरला औष्णिक केंद्र आहे, तिथला कोळसा जळतो तेव्हा इकडे इस्त्री तापते. उद्या तो बंद करा म्हटले तर आधी अंधार कोणाच्या घरी होईल? पण मग मला तुवालू आठवते. तो पॅसिफिक समुद्रातला इवलासा बेटांचा देश. त्याच परिषदेसाठी त्यांच्या मंत्र्याने भाषण केले ते गुडघाभर समुद्राच्या पाण्यात उभे राहून, कारण जिथे तो उभा होता तिथे पूर्वी कोरडी जमीन होती. आपणही समुद्राकाठच्या. त्याचे चित्र पाहून माझ्या पायाला ओल लागल्यासारखे झाले.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. हे भरून कोण देणार? हाच प्रश्न जगाच्या सभेत बेटांवरच्या देशांनी तीस वर्षे विचारला. श्रीमंत देश त्या शब्दाला घाबरत. एकदा भरपाई म्हटली की मोजत बसावे लागेल. शेवटी २०२२ साली इजिप्तच्या परिषदेत हानीसाठी एक निधी काढायचे कबूल झाले, २०२३ साली दुबईला तो सुरू झाला. त्यात देतो म्हणून सांगितलेले पैसे सुमारे सत्तर-पंच्याहत्तर कोटी डॉलर. सबंध जगातल्या वादळ-पुरांना! हेक्टरी पन्नास हजारांचीच गत. त्यातून आमच्या वाडीला काही येईल अशी आशा धरू नका, असे लेकीने सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "निदान कबूल तरी झाले की द्यायला हवे म्हणून." वयाची ऐंशी उलटलेल्या माणसाला आपल्यापेक्षा लांबचे दिसते.

पैशाची दुसरी गोष्ट. २००९ साली श्रीमंत देशांनी गरीब देशांना २०२० पासून दर वर्षी दहा हजार कोटी डॉलर देऊ म्हणून शब्द दिला. तो त्यांच्याच हिशेबाने २०२२ साली पुरा झाला. २०२४ साली बाकू येथे नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला तीस हजार कोटी. गरीब देशांची मागणी एक लाख तीस हजार कोटींची होती. अध्यक्षांनी घाईने हातोडा आपटून ठराव मंजूर म्हटले, त्यावर आपल्या देशाच्या वतीने चांदनी रैना या बाई उभ्या राहिल्या आणि हा नुसता डोळ्यांना होणारा भास आहे, आम्हाला मान्य नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. ठराव झालाच. २०२५ ची सभा ब्राझीलमध्ये बेलेमला झाली. तिथे कोळसा-तेल सोडण्याचा रस्ता आखून द्यावा अशी पुष्कळ देशांची मागणी होती, ती शेवटच्या ठरावात उतरली नाही. एकाचीही ठाम हरकत असली की ठराव अडतो, अशी त्या सभेची रीत आहे. आपल्या मंडळाची रीत निदान बहुमताची आहे, नाही तर पत्रे अजून बसले नसते.

हे सारे ऐकून तुम्ही म्हणाल, जिथे असे मोठमोठे देश हलत नाहीत तिथे आपण काय करणार? हेच मला माझ्या लेकीने विचारले होते, आणि जरा रागाने विचारले होते. मी पडवीतला दिवा बंद करीत होते. ती म्हणाली, "आई, तू हा दिवा विझवून काय होणार आहे?" मी म्हटले, हिशेब कर आणि सांग.

तिने हिशेब केला तो असा. आमच्या घरी महिन्याला सुमारे शंभर युनिट वीज लागते. एका युनिटामागे साधारण पाऊण किलो कर्बवायू, म्हणजे वर्षाला नऊशे किलो. गॅसच्या नऊ टाक्या, एका भरल्या टाकीमागे सुमारे बेचाळीस किलो, म्हणजे पावणेचारशेच्या वर. मिळून तेराशेच्या आत. बाजारहाट, एस. टी. वगैरे यात नाही. आता दुसरी बाजू. मुंबईहून लंडनला विमानाने जाऊन परत यायचे तर एका माणसामागे सुमारे एक टन, म्हणजे हजार किलो. आमच्या पाचजणांच्या घरची नऊ महिन्यांची वीज आणि चूल एका माणसाच्या एका फेरीत गेली! माझा भाचा तिकडे असतो, तो गणपतीला आला नाही तर मला वाईटच वाटेल, तेव्हा त्याला मी काही बोलत नाही. पण गरिबाच्या बाईला कुठल्याशा पुस्तकात वाचून "दिवा विझवा, पृथ्वी वाचवा" असे कोणी शिकवायला आले तर आधी हा हिशेब मांडायला सांगा. आपल्या डोक्यावर नसलेले पाप आपण घेऊ नये.

असे असूनही मी दिवा विझवते, आणि का ते सांगते. जुना साठ वॅटचा दिवा काढून नऊ वॅटचा एल. ई. डी. लावला, रोज पाच तास जळला, तर वर्षाला ९३ युनिट वाचतात. एका दिव्यामागे! आमच्या घरी असे तीन बदलले. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, नव्या जातीचा तीस. तो अडीच-तीन हजारांना पडतो, म्हणून सगळे एकदम नकोत, जुना बिघडेल तसा बदलावा. डाळ-तांदूळ आधी भिजत घालावे, भांड्यावर झाकण ठेवावे, आमटी उकळी आल्यावर बारीक करावी. हे तुम्हाला शिकवणे म्हणजे माशाला पोहायला शिकवणे. आपल्या सासवांनी काटकसर म्हणून जे केले त्यालाच आता नवे नाव आले आहे. पैसे आपलेच वाचतात, इतके कारण मला पुरे आहे.

वाडीतला पाचोळा मात्र आपण जाळतो, ते सोडायला हवे. मी स्वतः पुष्कळ वर्षे जाळला. आता तो पोफळीच्या बुडाशी पसरते, ओल टिकते, पंप कमी चालवावा लागतो. उष्टे-खरकटे एकत्र कुजत ठेवले की त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो, तो वीस वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे ऐंशी पट तापवतो. म्हणून ते खड्ड्यात पाचोळ्याबरोबर थर देऊन घालावे, वरखाली करावे, हवा लागू द्यावी. आणि बंबात प्लास्टिक घालणे, ते कोण करते मला ठाऊक आहे, ते आजपासून बंद. बंबात सोडणे आणि झावळ्या जाळल्या तर त्याची चिंता फार करू नका. तो कर्ब माडाने कालपरवाच हवेतून घेतलेला असतो, तो हवेत परत जातो. कोळशाचा कर्ब कोट्यवधी वर्षे जमिनीत पुरलेला होता, तो बाहेर काढल्यामुळे बेरीज वाढते. धुराने डोळे जातात ती गोष्ट वेगळी.

छपरावरच्या सौर विजेची २०२४ पासून सरकारची योजना आहे. तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान मिळते. आमच्या घरावर कौले आहेत आणि वादळाची धास्ती मनातून गेलेली नाही, म्हणून आमचा बेत अडला आहे. ज्यांच्याकडे पक्का स्लॅब आहे त्यांनी जरूर विचारपूस करावी, आणि कळले ते मलाही सांगावे.

पण लेकीचा प्रश्न याने सुटला नाही, हे मला कळत होते. ती पुढे एक गोष्ट सांगू लागली, ती ऐकून मी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

वानुआतू म्हणून पॅसिफिक समुद्रात एक बेटांचा देश आहे. २०१५ साली 'पाम' नावाच्या वादळाने तो झोडपला. २०१९ साली तिथल्या कायद्याच्या वर्गात शिकणारी सत्तावीस मुले-मुली, आमच्या लेकीच्याच वयाची, बसून विचार करू लागली की या प्रश्नावर कायद्याने सर्वांत मोठे काय करता येईल? त्यांनी ठरवले, जगाच्या न्यायालयालाच विचारायचे की हवामान सांभाळणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे की नाही? मुले पत्रे लिहीत सुटली. आसपासच्या बेटांच्या सरकारांना पत्रे गेली. त्यांच्या स्वतःच्या सरकारने ते मनावर घेतले. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकही मत विरोधात न पडता तो प्रश्न न्यायालयाकडे पाठवला. डिसेंबर २०२४ मध्ये हेग शहरात नव्वदहून अधिक देश तिथे बोलायला आले. आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने एकमताने सांगितले, की होय, हे कर्तव्य आहे. जो देश ते पाळणार नाही त्याच्यावर नुकसान भरून देण्याचीही पाळी येऊ शकते. हे मत सल्ल्याचे आहे, त्याने कोणाच्या घरावर जप्ती जात नाही. पण पत्रे लिहून, एका वर्गातल्या मुलांनी!

मी लेकीला म्हटले, अगो, त्यांना पत्रे लिहिताना रात्री दिवा लागलाच असेल. ती हसली. पण मला खरे कळले ते हे, की घरातला दिवा विझवणे हे माझे घरचे काम झाले. पत्र लिहिणे, सभेत विचारणे, हे बाहेरचे काम, आणि ते मी आजवर पुरुषमंडळींवर टाकले होते. गेल्या पावसाळ्यानंतर ग्रामसभेत मी प्रथमच हात वर केला. दोन गोष्टी विचारल्या. खाडीकाठची कांदळे तोडून भराव चालला आहे तो कोणाच्या परवानगीने? कांदळवनच तर लाटेचा जोर मोडते. आणि राज्याच्या 'माझी वसुंधरा' अभियानात ग्रामपंचायतींना गुण मिळतात, आपल्याला किती मिळाले? पहिल्या प्रश्नावर बरीच कुजबुज झाली. दुसऱ्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते, ते पुढच्या सभेत मिळणार आहे. माझी मंडळाला विनंती, की त्या सभेला आपण निदान पंधराजणी तरी जाऊ. एकटीचा आवाज कापतो. माझा कापला.

आणि वाडीतल्या झाडांचा पुढच्या वेळी हेक्टराऐवजी झाडामागे हिशेब धरावा, असा अर्ज मी लिहून आणला आहे. अक्षर लेकीचे, मजकूर माझा. सभा संपल्यावर तो चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवते. वाचावा, पटला तर सही करावी. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा द्यावा, शाईची डबी आणली आहे.

पोफळीचे सांगायचे राहिले. पाटल्या मोडून लावलेल्या रोपांपैकी एकशे नव्वद जगली. मध्यंतरी सासूबाई पहाटे वाडीतून आल्या आणि बोटे दाखवीत म्हणाल्या, "चार." चार झाडांना पहिला फुलोरा आला आहे. जुन्या अठ्ठेचाळीस झाडांच्या सुपारीची मी यंदाही रोपे केली आहेत, पंचाहत्तरेक होतील. वादळात तरलेल्या झाडांचे बी आहे. ज्यांच्या जागा अजून मोकळ्या आहेत त्यांनी रविवारी येऊन न्यावीत. पैसे नकोत, येताना रिकाम्या पिशव्या आणा.